द्राक्षाच्या काडीचा क्रॉस आणि गोव्यात सापडलेली राणी

जॉर्जिया देशात सगळ्यात पवित्र मानला जाणारा क्रॉस सोन्याचा नाही की चांदीचा नाही, तो द्राक्षाच्या काडीचा आहे. एक काडी उभी, एक आडवी, आणि बांधलेल्या कशानं तर सेंट निनो नावाच्या एका बाईच्या स्वतःच्या केसांनी. हे वाचलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नव्हतं, कारण माझं माहेर निफाड तालुक्यातलं, लहानपण सगळं बागेत गेलेलं. खरड छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग लागायचे आणि आई त्या चुलीला घालायची. काडी म्हणजे जळण, एवढंच आमच्या घरात तिचं महत्त्व. आणि जगात एका ठिकाणी त्याच काडीसमोर लोक सोळाशे-सतराशे वर्षं डोकं टेकवतायत!

जायचा योग आला भाचीमुळे. दादाची मुलगी जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला, एमबीबीएस करते, आपल्याकडची कितीतरी मुलं आहेत तिथे, रस्त्यात सहज मराठी कानावर पडतं. दादाला मुलीला भेटायचं होतं पण बाग सोडून निघेना, शेवटी एप्रिलची छाटणी उरकून, नव्या काड्यांचं, सबकेनचं काम वहिनीच्या आणि गड्यांच्या हवाली करून जूनमध्ये आम्ही दोघं निघालो. प्रवास, व्हिसा, हॉटेल यावर इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं आहे, त्यात मी भर घालत नाही. मला लिहायचंय ते दोन चर्चबद्दल, आणि एका राणीबद्दल जिचं एक हाड आपल्या गोव्यात जवळजवळ चारशे वर्षं पडून होतं.

आधी थोडं ऑर्थोडॉक्स म्हणजे काय ते. आपल्याला नाशिकमध्ये चर्च म्हटलं की नाशिकरोडचं बाळ येशूचं आठवतं, फेब्रुवारीत तिथे यात्रा भरते तेव्हा आमच्या शेजारपाजारच्या हिंदू बायकासुद्धा मेणबत्ती लावायला जातात. ते झाले कॅथलिक, रोमच्या पोपला मानणारे. पूर्वेकडची ग्रीक, रशियन, जॉर्जियन ही चर्च वेगळी, १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात जी मोठी फूट पडली तेव्हापासून यांचा संसार वेगळा. यांच्याकडे पुतळे जवळजवळ नसतातच, चित्रं असतात, आयकॉन म्हणतात त्यांना. बसायला बाकंही नाहीत, प्रार्थना कितीही लांबली तरी लोक उभेच, म्हातारी माणसं भिंतीकडेला कुठेतरी टेकतात तेवढंच. पेटी नाही, ऑर्गन नाही, नुसते माणसांचे आवाज, तीन पट्ट्यांतले, एकमेकांत मिसळणारे. मला गाण्यातलं फार कळत नाही पण ते ऐकताना अंगावर काटा आला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सिओनी कॅथेड्रल जुन्या तिबिलिसीत आहे, अगदी मत्क्वारी नदीच्या काठाला. मूळचं चर्च सहाव्या-सातव्या शतकातलं, आत्ता दिसतं त्यातलं बरंचसं तेराव्या शतकातलं, आणि मध्ये किती वेळा पाडलं किती वेळा उभारलं याची यादीच आहे. १२२६ साली मध्य आशियातल्या ख्वारझमच्या जलालुद्दीननं शहर घेतलं तेव्हा याचा घुमट उतरवला, १७९५ मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानानं शहर जाळलं तेव्हा हेही होरपळलं, आणि दर वेळी लोकांनी परत बांधलं. दगड पिवळसर, जवळच्या बोलनिसीच्या खाणीतला. संध्याकाळी त्याच्यावर ऊन पडतं तेव्हा सुंदर दिसतं, पण बाहेरून तसं साधंच आहे, आजूबाजूच्या कॅफेंच्या गर्दीत पटकन लक्षातही येत नाही.

दारात शिरताना बायकांनी डोकं झाकायचं, गुडघे उघडे चालत नाहीत, पॅन्ट घातली असेल तर वरून गुंडाळायला कापड दारातच ठेवलेलं असतं. माझ्याकडे ओढणी होती. भाची इतके दिवस तिथे राहून सराईत झालेली, तिनं स्कार्फ बांधला आणि मला म्हणाली, "आत्या, फोटोचं नंतर बघू, आधी मेणबत्त्या घे." मेणबत्त्या म्हणजे आपल्या जाड मेणबत्त्या नाहीत, पेन्सिलीपेक्षाही बारीक, मधमाश्यांच्या मेणाच्या, पिवळ्या तपकिरी, हातात जरा वेळ धरल्या की मऊ पडून वाकायला लागतात आणि बोटांना मधाचा वास राहतो. वाळू भरलेल्या पितळी तबकात खोवायच्या. जिवंत माणसांसाठी वेगळ्या ठिकाणी, गेलेल्यांसाठी वेगळ्या ठिकाणी. दादानं गेलेल्यांच्या तबकात एक लावली, काही बोलला नाही, मीही विचारलं नाही, आम्हा दोघांना माहीत होतं कोणासाठी ते.

तो क्रॉस वेदीच्या डाव्या बाजूला आहे. वेदीपुढे आयकॉन लावलेली एक भिंत असते, तिच्या पलीकडे फक्त पुजारी जातात, म्हणजे गाभाराच. त्या भिंतीच्या डावीकडे धातूची जाळी आणि जाळीमागे सेंट निनोचा क्रॉस. समोर दिसते ती प्रतिकृती आणि मूळ काड्या आत जपून ठेवल्यात असं तिथे सांगतात. रांग नव्हती, ढकलाढकली नव्हती, एक एक माणूस पुढे यायचा, तीन वेळा छातीवर क्रॉसची खूण करायचा, वाकायचा, जाळीला ओठ लावायचा आणि मग कपाळ टेकवून थांबायचा. आमच्या पुढे एक आजी होत्या, काळा ड्रेस, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीच्या काड्या बाहेर आलेल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही, तशीच मनगटाला अडकवून दोन्ही तळहात जाळीवर ठेवले आणि ओठ हलत राहिले. बाजारातून घरी जाताना वाटेत रोज थांबत असाव्यात असं त्यांच्याकडे बघून वाटलं. जाळीचा तेवढा भाग हात लागून लागून गुळगुळीत झालाय, बाकी ठिकाणी मळकट आणि तिथे मात्र चकचकीत.

त्या क्रॉसचं एक वेगळेपण म्हणजे त्याचे आडवे हात सरळ नाहीत, खाली झुकलेले आहेत. जॉर्जियात जिथे जाल तिथे, गळ्यातल्या लॉकेटमध्ये, दुकानात, टॅक्सीच्या आरशाला टांगलेला, हा झुकलेल्या हातांचाच क्रॉस दिसतो. मी त्यामागे काहीतरी मोठा अर्थ असणार म्हणून डोकं खाजवत होते. दादा बराच वेळ बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "ओली काडी बांधली असंल. वाळली की टोकं खाली येत्यात. आपण तारेला बांधतो म्हणून राहत्यात सरळ." झालं! चाळीस वर्षं बाग केलेल्या माणसाचं उत्तर. ते ऐतिहासिकदृष्ट्या खरं की खोटं हा प्रश्नच वेगळा, पण मला त्या क्षणी ती बाई दिसली. परक्या मुलुखात आलेली, जवळ काही नाही, वाटेत वेल दिसली, दोन काड्या मोडल्या, बांधायला सुतळी नाही तर केस घेतले. संत वगैरे नंतर, आधी हातानं काम करणारी बाई.

निनो मूळची कपाडोशियाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ती इथे आली, तिच्या प्रार्थनेनं राणी नाना बरी झाली, मग राजा मिरियन वळला, आणि जॉर्जिया हा जगातल्या अगदी पहिल्या ख्रिस्ती राज्यांपैकी एक झाला. क्रॉसबद्दल दोन गोष्टी सांगतात, एक अशी की मेरीनं स्वप्नात येऊन तिच्या हातात दिला, दुसरी अशी की तिनं स्वतः केला. मला अर्थातच दुसरी जवळची वाटते. आणि वेल तिथे असणारच, कारण तिबिलिसीच्या दक्षिणेला उत्खननात वाइनचे अंश मिळालेत ते इसवी सन पूर्व ६००० च्या आसपासचे आहेत, म्हणजे आठ हजार वर्षं हे लोक द्राक्ष पिकवतायत. अजूनही मातीचे मोठाले रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरून त्यात वाइन करतात, क्वेव्री म्हणतात, युनेस्कोनं २०१३ मध्ये ती पद्धत वारसा यादीत घेतली. आपण नाशिकवाले द्राक्षाची राजधानी म्हणून मिरवतो ते ठीकच आहे, पण तिथे द्राक्ष हे नुसतं पीक नाही, त्यांच्या देवघरापर्यंत गेलेलं आहे. दादाला हे फार लागलं, चांगल्या अर्थानं लागलं. बेमोसमी पावसानं, डावणी रोगानं, पडलेल्या बाजारभावानं मार खाल्लेल्या माणसाला कुणीतरी त्याच्या काडीसमोर वाकताना दिसलं, त्याचं काय होत असेल ते शब्दात सांगता येत नाही मला.

त्या क्रॉसनं प्रवास किती केला बघा. आधी काही शतकं तो म्त्सखेताला, जुन्या राजधानीत. सहाव्या शतकात इराणी सत्तेचा त्रास वाढला तसा तो आर्मेनियात नेला, तिथेही एका किल्ल्यातून दुसऱ्या ठिकाणी. बाराव्या शतकात राजा डेव्हिड, ज्याला ते लोक 'बांधणारा डेव्हिड' म्हणतात, त्यानं आर्मेनियातलं आनी शहर घेतलं आणि क्रॉस परत आणला. अठराव्या शतकात पुन्हा धोका, तेव्हा तो रशियात गेला, मॉस्कोला राहणाऱ्या जॉर्जियन राजघराण्याकडे. त्यांच्याकडून झार अलेक्झांडर पहिल्याकडे आणि १८०२ मध्ये परत तिबिलिसीला, सिओनीत. तेव्हापासून इथेच. मध्ये सोव्हिएत काळ होता, सत्तर वर्षं, धर्म म्हणजे गुन्हा असं वातावरण, तरीही टिकला. मला या सगळ्यात ती काडी खरंच निनोची का, हा प्रश्न दुय्यम वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक संकटात कुणीतरी आधी ती उचलली आणि घेऊन पळालं, हे तर इतिहासात आहे. घरावर धाड आली तर माणूस काय उचलतो यावरून कळतं त्याचं काय मोलाचं आहे ते.

दुसऱ्या दिवशी म्त्सखेता. दिदुबे स्टँडवरून छोट्या व्हॅन सुटतात, मार्श्रुत्का म्हणतात, आपल्या काळीपिवळी जीपसारखाच कारभार, तिबिलिसीपासून वीसेक किलोमीटर. तिथे दोन नद्यांचा संगम आहे, अरागवी आणि मत्क्वारी, वर डोंगरावर ज्वारी नावाचा मठ आहे तिथून दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतात. निनोनं त्या डोंगरावर मोठा लाकडी क्रॉस उभा केला होता अशी श्रद्धा आहे. आणि खाली गावात, जुन्या तटबंदीच्या आत, स्वेतित्सखोवेली कॅथेड्रल. हे १०१० ते १०२९ या काळात बांधलं, युनेस्कोच्या यादीत १९९४ पासून आहे, जॉर्जियाच्या राजांचे राज्याभिषेक इथे व्हायचे आणि त्यांना पुरायचेही इथेच. तुम्ही चालता तीच फरशी, खाली राजे.

इथली कथा मी तिथल्या अंगणातल्या भिंतीवर बसून भाचीकडून ऐकली, तिला तिच्या जॉर्जियन मैत्रिणीनं सांगितलेली. म्त्सखेताचा एलिओझ नावाचा ज्यू माणूस येशूला क्रुसावर चढवलं तेव्हा जेरुसलेममध्ये होता, त्यानं रोमन शिपायाकडून येशूचा अंगरखा विकत घेतला आणि घरी आणला. त्याची बहीण सिडोनिया, तिनं तो छातीशी धरला आणि तिथल्या तिथे प्राण सोडला, आणि अंगरखा काही केल्या तिच्या हातातून सुटेना. शेवटी अंगरख्यासकट पुरलं तिला. त्या जागी एक सीडरचं झाड आलं. तीनशे वर्षांनी राजा मिरियननं तिथे चर्च बांधायला घेतलं तेव्हा झाडापासून सात खांब केले, सहा उभे राहिले, सातवा हवेतच तरंगत राहिला, खाली येईना. निनोनं रात्रभर प्रार्थना केली तेव्हा तो आपणहून जागेवर आला आणि त्यातून सुगंधी द्रव पाझरायला लागला, ज्यानं माणसं बरी व्हायची.

आत गेलं की उजव्या हाताला त्या जागेवर दगडी छत्री आहे, सतराव्या शतकातली, रंगवलेली, आणि तिच्यावर या कथेतली चित्रं. बस, एवढंच. अंगरखा बघायला मिळत नाही, थडगं उघडं नाही, खाली आहे आणि खालीच राहणार. मला वाटलं होतं आमचा दादा विचारेल की मग बघायचं काय, पण त्यानं चप्पल नसलेल्या माणसासारखे पाय आपोआप जपून टाकले आणि हात जोडले. आपण त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीवर जातो, आळंदीला माउलींच्या समाधीला डोकं टेकवतो, तेव्हा कोणी म्हणतं का आत काय आहे ते दाखवा म्हणून? ती सवय आपल्या अंगात आहेच, त्यामुळे स्वेतित्सखोवेली आम्हाला परकं वाटलंच नाही. पुजाऱ्यानं धुपाटणं हलवत एक फेरी मारली, लोबानचा धूर त्या छत्रीभोवती फिरला, आणि दादा म्हणाला, "इथं बरं वाटतंय गं."

बाहेरच्या उत्तरेकडच्या भिंतीवर वर बघा, नक्की बघा, लोक फोटो काढत पुढे निघून जातात. दगडात एक उजवा हात कोरलाय, हातात गवंड्याचा गुण्या, आणि शेजारी लेख आहे की हा अर्सुकिसद्झे या दासाचा हात, त्याच्यासाठी क्षमा मागा. अर्सुकिसद्झे म्हणजे हे चर्च बांधणारा. लोककथा अशी की त्याचं काम इतकं सुंदर झालं की मत्सरानं त्याचा हात तोडला. कथा असेल, पण तो लेख खरा आहे, हजार वर्षांपूर्वीचा. आपल्याकडे काळाराम मंदिराच्या शिखरापुढे उभं राहिलं की मला नेहमी वाटतं की ते दगड घडवणाऱ्या पाथरवटांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला तोंडपाठ असायला हवं होतं. इथे निदान एकाचं नाव राहिलं, आणि तेही मोठेपणा न मिरवता, माझ्यासाठी क्षमा मागा एवढंच म्हणून.

आता जे मला खरं लिहायचंय त्याकडे येते. मी नाशिकची, पंचवटीत सासर. रामकुंड म्हणजे रोजचं जाणं-येणं. देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात, तिथे अस्थिविलय तीर्थ आहे, त्या पाण्यात अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे. रिक्षातून उतरणारी, लाल कापडात बांधलेलं मडकं छातीशी धरलेली माणसं मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. आईच्याही तिथेच. दादानं विसर्जन केलं, गुरुजी म्हणाले मागे वळून बघू नका, आणि आम्ही नाही बघितलं. आपला रिवाजच तो, सोडून द्यायचं, पाण्याला देऊन मोकळं व्हायचं, मागे काही ठेवायचं नाही. आणि इथे ही माणसं एक हाड, एक कापड, दोन काड्या शतकानुशतकं घट्ट धरून बसलेली. सुरुवातीला मला हे समजायलाच जड गेलं. मेलेल्या माणसाचं हाड सोन्याच्या पेटीत ठेवून त्याचं चुंबन घ्यायचं म्हणजे आपल्याला शिवाशिवच आठवते आधी.

पण मग आठवत गेलं की आपल्याच मातीत हेही आहे. पांडवलेणीला, म्हणजे त्रिरश्मी लेणीला, १८ नंबरच्या चैत्यगृहात दगडी स्तूप आहे, आणि स्तूपाची कल्पनाच मुळात अवशेषांवरून आली, बुद्धाच्या अस्थी वाटून घेतल्या आणि त्यावर स्तूप बांधले. नालासोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना दगडी पेटी मिळाली, आत एकात एक करंडक, तांब्याचा, चांदीचा, स्फटिकाचा, सोन्याचा, आणि सगळ्यात आत मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले. वारीत पालखीत काय असतं? पादुकाच ना. म्हणजे धरून ठेवणारे आपणही आहोत. आणि अजून एक, हे फार थोड्या नाशिककरांना माहीत आहे, आपल्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांची एक वसाहत होती, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायची. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचं हृदय तिथल्याच झाडाखाली पुरलं, शरीर वाळवून बांधलं आणि महिनोन्‌महिने पायी समुद्रापर्यंत नेलं. झाडावर नाव कोरणारा आणि पुरताना प्रार्थना वाचणारा हा जेकब होता, आपल्या शरणपूरला शिकलेला, आणि पुढे १८७४ मध्ये तो शवपेटीबरोबर लंडनलाही गेला. शरणपूर रोडवरून रोज जाताना हे आठवलं की मला अजूनही शहारायला होतं.

तर राणी. केतेवान, पूर्व जॉर्जियातल्या कखेती राज्याची राणी, राजा तेइमुराझची आई. इराणच्या शाह अब्बासकडे ती ओलीस म्हणून गेली, राज्य वाचावं म्हणून, आणि शिराझला वर्षानुवर्षं कैदेत राहिली. धर्म सोड म्हणून सांगितलं, तिनं नाही सोडला. सप्टेंबर १६२४ मध्ये तापलेल्या सांडशीनं हाल करून तिला मारलं. त्या वेळी शिराझमध्ये पोर्तुगीज ऑगस्टिनियन पंथाचे साधू होते. ते कॅथलिक, ती ऑर्थोडॉक्स, तरी त्यांनी गुपचूप तिचे अवशेष काढून घेतले. काही भाग १६२८ मध्ये तिच्या मुलाकडे पोचवला, तो कखेतीच्या अलावेर्दी कॅथेड्रलमध्ये ठेवला, आणि एक भाग १६२७ मध्येच गोव्याला आणला, जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टिनच्या मठात.

पुढे काय झालं माहीत आहे? १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं मठ बंद केले, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, विसाव्या शतकात मनोऱ्याचाही अर्धा भाग पडला. जंगल वाढलं. राणी ढिगाऱ्याखाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जियाचे लोक येऊन शोधत होते, आणि आधार कशाचा तर एका जुन्या पोर्तुगीज नोंदीचा. मठातल्या एका चॅपेलच्या दुसऱ्या खिडकीशी काळ्या दगडाच्या पेटीत ठेवलंय, अशी ती नोंद. कुणा एकानं इतकं नेमकं लिहून ठेवलं म्हणून शोधता आलं. आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथे काम केलं आणि २००४ मध्ये हाताचं हाड सापडलं. मग हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डीएनए काढला, हजारो भारतीय नमुन्यांशी ताडून बघितला, त्यातला यूवनबी नावाचा मातृवंशाचा प्रकार भारतात मिळाला नाही आणि जॉर्जियन नमुन्यांत मिळाला. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आजूबाजूला जे दुसरे अवशेष मिळाले होते त्यांचा वंश मात्र भारतात आढळणारा निघाला, म्हणजे सरसकट नाही, नेमकं तेच हाड वेगळं.

२०१७ मध्ये ते काही काळासाठी जॉर्जियाला दर्शनाला पाठवलं, गावोगाव फिरवलं, लोकांनी रांगा लावल्या. आणि जुलै २०२१ मध्ये आपले परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत जाऊन अवशेषांचा एक भाग कायमचा दिला, पॅट्रिआर्क इलिया दुसरे यांच्या उपस्थितीत. भाचीची घरमालकीण, वयस्कर बाई, आम्ही इंडियाचे म्हटल्यावर आधी राज कपूर म्हणाली, तिकडे सगळेच म्हणतात, आणि मग छातीवर हात ठेवून "केतेवान" म्हणाली आणि माझा हात दोन्ही हातांत धरून किती तरी वेळ सोडेना. मी काय केलं होतं? काहीच नाही. पण गोवा माझ्या देशात आहे, एवढ्यावर तिनं मला त्या उपकाराचा वाटा दिला. भाची तिच्याशी मोडक्यातोडक्या जॉर्जियनमध्ये बोलत होती, दादा जिन्यात उभा राहून डोळे पुसत होता.

मला हे देणं फार योग्य वाटतं. काही लोक म्हणतात की आपल्याकडे सापडलेली वस्तू का द्यायची, असं माझ्या ऑफिसमध्येही एकजण म्हणाले. त्यांना मी सांगितलं, रामकुंडावर कोणी परमुलखातून येऊन स्वतःच्या आईच्या अस्थी मागितल्या आणि त्या कपाटात आपल्याकडे राहिल्या असतील तर तुम्ही द्याल की पावती मागाल? सगळ्याच वस्तू संग्रहालयाच्या नसतात. आणि ती राणी, जी कैदेत असताना घरी जाऊ शकली नाही, तिचा हात चारशे वर्षांनी घरी गेला, त्यात आपले पुरातत्त्ववाले, आपले शास्त्रज्ञ होते, याचा मला मनापासून अभिमान आहे. सिओनीच्या काडीची कोणी तपासणी केली नाही, कोणी मागितलीही नाही. केतेवानच्या हाडाची केली, आणि तपासणीनं श्रद्धा कमी झाली असं मला तरी तिथे कुठे दिसलं नाही, त्या घरमालकिणीकडे तर नाहीच.

आमच्या ऑफिसमध्ये केरळची एक मैत्रीण आहे, तीही ऑर्थोडॉक्सच, पण ती परंपरा अजून जुनी फूट पडलेली, सन ४५१ ची. ती म्हणाली तुम्ही एवढं लांब कशाला गेलात, आमच्या परुमलाला या, तिथे ग्रेगोरियोस तिरुमेनींची, म्हणजे त्यांच्या संत बिशपांची कबर आहे, १९०२ मध्ये ते गेले, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लाखाने लोक चालत येतात. पायी! आमच्या घरात वारीला जाणारे आहेत, त्यामुळे ते ऐकल्यावर मला जायलाच हवं असं झालंय.

कोणी नाशिकहून तिबिलिसीला जाणार असाल, आणि मुलं शिकायला असल्यानं हल्ली बरेच जातात, तर एवढं करा. सिओनीला सकाळी लवकर जा, टूरवाल्यांच्या आधी, रोज येणारी माणसं तेव्हा भेटतात. रविवारी सकाळी गेलात तर गाणं ऐकायला मिळेल पण मग तासभर उभं राहायची तयारी ठेवा, मध्येच फिरत फोटो काढू नका. म्त्सखेतात आधी वर ज्वारीला जाऊन मग खाली स्वेतित्सखोवेलीला या, संगम आधी बघितला की गाव कळतं. १४ ऑक्टोबरला स्वेतित्सखोवेलीचा मोठा उत्सव असतो आणि २७ जानेवारी, १ जून हे निनोचे दिवस, त्या वेळी गर्दी असते पण ती गर्दीच बघण्यासारखी. आणि तिकडे जमणार नसेल तर गोव्याला तर आपण जातोच, शिर्डी-नाशिक-गोवा करणाऱ्या गाड्या भरभरून जातात, जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या चर्चमधून बाहेर पडून डोंगरीकडे वळलं की सेंट ऑगस्टिनचा तो अर्धवट मनोरा दिसतो, ४६ मीटर उंच, लाल दगडाचा. बहुतेक लोक मनोऱ्यासोबत सेल्फी काढून परततात. तुम्ही आत भिंतींच्या खुणांमधून फिरा, कोरीव थडग्यांचे दगड वाचत, आणि राणी कुठे होती ते विचारा.

दादाला आता अलावेर्दीला जायचंय, तिथले साधू मठातच क्वेव्रीत वाइन करतात हे त्याला कळलंय. पण गोडी छाटणी, म्हणजे ऑक्टोबरची, तोंडावर आहे, त्यामुळे द्राक्ष उतरल्याशिवाय काही तो हलत नाही, तोपर्यंत मी जानेवारीत गोव्याचं रिझर्व्हेशन करून ठेवलंय, वहिनीला घेऊन.